आणखी एक पायरी मागे

गेल्या कार्तिकात मी पंचगंगा घाटावर गंगेला लेन्सचं झाकण वाहिलं. तसा माझा काही संकल्प नव्हता. नवी लांब लेन्स घेतली होती, सकाळचं कोवळं ऊन होतं, आमची ही नदीकडे तोंड करून पायरीवर बसली होती, आणि तिचा चेहरा चौकटीत नीट बसावा म्हणून मी कॅमेऱ्याला डोळा लावून एकेक पायरी मागे, म्हणजे खाली, उतरत होतो. झाकण काखेत धरलेलं. काख ही वस्तू ठेवायची जागा नव्हे, हे मला लग्नानंतर अनेकदा सांगण्यात आलं आहे. हात वर केला, झाकण सुटलं, कडेवर उभं राहिलं आणि टणटण उड्या मारत पायरीमागून पायरी उतरून पाण्यात गेलं. छत्रीखाली बसलेल्या पंड्यानं हात जोडले आणि म्हणाला, "चढ़ गया बाबूजी. अब जो माँगना है, माँग लीजिए."

मी दुसरं झाकण मागितलं.

घरी येऊन फोटो पाहिला. घाट सुरेख, ऊन सुरेख, आणि बायको मान खाली घालून बघतेय, जणू पायातली जोडवी हरवलीत. हे काही नवीन नव्हे. आमच्या संसारात मी काढलेल्या एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. मी तिथं घाटावरच ओरडलो होतो, "अगं, वर बघ की जरा!" तर म्हणाली होती, "बघतेय तिथंच बरं आहे." तो फोटो बघता बघता मला फोकसकाकांची इतकी आठवण आली, की झाकणाचं दुःखही थोडं मागे पडलं.

फोकसकाका म्हणजे माझे सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घर पंचगंगेच्या वरच्या गल्लीत. वडील, म्हणजे अण्णा, पूजाअर्चा करायचे; काका रेल्वेत पार्सलच्या कचेरीत होते. उंच, शिडशिडीत, आणि चेहरा असा की डाव्या डोळ्याभोवती सुरकुत्यांचं जाळं, उजव्याभोवती एकही सुरकुती नाही. आयुष्यभर तो डावा डोळा मिटून त्यांनी जग पाहिलं होतं. गल्लीत त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. "थांबा, फोकस होऊ दे," हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की चहाचा कप पुढे केला तरी ते क्षणभर त्याच्याकडे बघत थांबायचे. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, सगळे घाईला आलेले, तेव्हा काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं होतं. "मुलगी बढिया आहे. पण घाई नको. मधूला जरा फोकस होऊ दे." मधू म्हणजे मी. सासरचे लोक पुण्याचे. मुलाच्या डोळ्यात दोष आहे की काय, अशी शंका त्यांना आली आणि ती निस्तरायला अण्णांना दोन पत्रं लिहावी लागली.

काकांचा पहिला कॅमेरा म्हणजे एक काळा डबा. त्याला फिरवायला, बदलायला काही नव्हतं. समोर उभं राहायचं आणि खटका दाबायचा. त्यानं काढलेला पहिला फोटो अर्थातच काकूंचा, आणि तो का काढला हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

काकू वाईच्या. लग्न होऊन थेट काशीला आल्या. त्या काळी वाई-काशी म्हणजे पृथ्वीची दोन टोकं. त्यातून आमच्या घरी महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचा राबता. काकूंना माहेरी जायला सवड व्हायची ती भावाबहिणींच्या लग्नाला, बस. वाईच्या आजींचे, म्हणजे काकूंच्या आईचे, गुडघे धरलेले. त्यांनी जावयाला एकच मागणं केलं होतं. "पोरीचा घाटावरचा, उन्हातला एक फोटो पाठवा. डोळे बघितले की मला कळतं ती सुखात आहे का."

काकांनी फोटो पाठवला. उलट टपाली कार्ड आलं. "फोटो पोचला. देऊळ छान आहे. मुलगी झोपली आहे."

काकूंचे डोळे मिटलेले होते. आणि ओठ किंचित उघडे.

काकांनी लगेच दुसरा काढला. त्यातही डोळे मिटलेले. तिसरा काढला. आजींचं कार्ड: "हिला तिकडे झोप पुरत नाही का? की अशक्तपणा आहे?" आता हे जावयाच्या वर्मी लागणारं होतं. दुसरा एखादा असता तर बायकोला म्हणाला असता, बाई, डोळे उघडे ठेव. काकांनीही म्हणून पाहिलं. काकू म्हणायच्या, "ठेवते ना." आणि खटका वाजायच्या वेळी मिटायच्या. तेव्हा काकांनी बायकोला दोष देणं कायमचं सोडलं आणि कॅमेऱ्याला दोष द्यायला सुरुवात केली. इथून त्यांच्या प्रगतीला आरंभ झाला. पुढची पंचवीसेक वर्षं आमच्या घरात जो कॅमेरा आला, जी लेन्स आली, ती काकूंचे डोळे उघडावेत म्हणून आली. पैसे कुठून आले हा विषय काकांनी घरात कधी निघू दिला नाही, तेव्हा मीही इथं काढत नाही.

फोटो घरात का नाही काढला, असं कुणी विचारेल. पंचगंगेच्या वरच्या गल्ल्या ज्यानं पाहिल्यात तो विचारणार नाही. तिथं ऊन पाहुण्यासारखं येतं, उंबऱ्यावर उभं राहतं आणि चहा न घेता जातं. म्हणून घाट. घाटावर काकूंची एक अट. गंगामाईकडे पाठ करायची नाही. काकू नदीकडे तोंड करून बसणार, म्हणजे काका खालच्या पायरीवर, नदीकडे पाठ करून उभे राहणार. आमच्या घरचे सगळे फोटो असेच. महाराष्ट्रातले नातेवाईक विचारायचे, "काशीचे फोटो म्हणता, मग यात गंगा कुठंय?" काका शांतपणे सांगायचे, "माझ्या मागं."

काकांच्या प्रगतीत माझा स्वार्थ होता, तोही सांगून टाकतो. नवा कॅमेरा आला की जुना माझ्याकडे यायचा. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला येतो तसा. मी कॉलेजात असल्यापासून कायम काकांच्या एक कॅमेरा मागे होतो. त्यामुळे काकांनी चेहरा पाडून "मधू, यात काही राम नाही रे," असं म्हटलं की माझ्या मनात मोर नाचायचे. मी गंभीरपणे म्हणायचो, "काका, तुमच्या हाताला आता हा पुरत नाही." काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "बघा, भाच्यापुतण्यांना किती काळजी!"

कॅमेरे यायचे कुठून? चौकातला दुकानदार नवे विकायचा, पण काकांचा भर घाटांवर होता. त्या दिवसांत परदेशी तरुण महिनोन्महिने घाटावर राहायचे. आधी भटकायचे, मग सतार शिकायचे, मग पैसे संपले की गळ्यातला कॅमेरा विकायचे. काकांचं त्यांच्या आहारावर बारीक लक्ष असे. कचेरीतून येताना ते मला बातमी द्यायचे. "तो दाढीवाला हॉटेलातून पुरीभाजीवर आलाय." आठवड्याने, "केळ्यांवर आला. लेन्स पिकत आली, मधू." पण माणूस असा, की केळी खाणाऱ्याकडे नुसतं बघत राहणं त्यांना जमत नसे. तिसऱ्या दिवशी ते त्याला हाताला धरून घरी आणत आणि काकूंच्या पुढ्यात बसवत. तो वरणभात तूप ओरपून ताजातवाना होई आणि पुन्हा महिनाभर कॅमेरा गळ्यात घालून हिंडे. काकू म्हणायच्या, "अहो, त्याला जेवायला घालता, मग तो विकेल कशाला?" काका म्हणायचे, "उपाशी माणसाकडून लेन्स घेऊ नये. फोटो फिके येतात."

डब्यानंतर आला त्या कॅमेऱ्यात वरून चौकट दिसायची आणि ती चौकट सरळ आहे का, याची काकांना धास्ती लागली. त्याच सुमारास नागपूरचे पाचसहा पाहुणे आले होते. काका त्यांना शिंदे घाटावर घेऊन गेले. तिथलं पाण्यात कललेलं देऊळ कुणाला माहीत नाही? काकांना तरी चांगलं माहीत होतं. लहानपणापासून ते त्याच्या अंगाखांद्यावर पोहले होते. पण चौकटीत ते वाकडं दिसलं आणि काकांचं डोकं फिरलं. त्यांनी कॅमेरा तिरका करून देऊळ सरळ केलं. फोटो आला तो आजही आमच्याकडे आहे. देऊळ ताठ उभं आहे, आणि नागपूरची मंडळी, आजोबांपासून कडेवरच्या नातवापर्यंत, भयंकर वादळ सुटल्यासारखी एका बाजूला झुकली आहेत. पाहुणे रागावले. काका म्हणाले, "देवाचा मान आधी. तुम्ही काय, घरी जाऊन सरळ उभे राहालच."

मग आला लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा. तो आला नवरात्रात, आणि खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. अण्णांची पळीपंचपात्री, काकूंची विळी, माझी सायकल, असं सगळं मांडलेलं. मधोमध कॅमेरा. काका म्हणाले, "अण्णा, याचं खरं काम आत चालतं. आतूनच पूजा करा." आणि मागचं दार उघडलं. अण्णा कर्मठ माणूस. पूजा म्हणजे पूजा. त्यांनी मंत्र म्हणत आत अक्षता टाकल्या. काकांनी नंतर फुंकर मारमारून त्या काढल्या, पण एक दाणा फिल्मच्या चौकटीच्या कडेला जाऊन बसला. पुढं वर्षभर काकांच्या प्रत्येक फोटोत आकाशात एक काळा ठिपका. दशाश्वमेधावर तो होता, भोसले घाटाच्या दगडी वाड्यावर तो होता, सारनाथलाही तो बरोबर आला. फोटो पाहणारे म्हणत, "घार टिपलीत! वा!" काकांनी कुणाला नाही म्हटलं नाही. वाईच्या आजींनी मात्र लिहिलं, "मुलीच्या डोक्यावर घार फिरते आहे. तरी हिला जाग नाही."

तो कॅमेरा यथाकाल माझ्याकडे आला. मी टाचणीनं दाणा काढला आणि घार गेली. पुढच्या खेपेला आलेले पाहुणे म्हणाले, "काकांच्या फोटोंची मजा वेगळी. तुझं आकाश रिकामं वाटतं."

डोळे मिटण्याबद्दल काकांचा पहिला सिद्धांत असा होता की खटका हळू पडतो, तोवर पापणी मिटते. भरभर पडणारा खटका घेतला. पापणी त्याहून भरभर निघाली. मग त्यांनी दुसरा सिद्धांत मांडला. "कॅमेरा जवळ आला की माणूस बुजतो. हरणाचा फोटो कोणी जवळून काढतं का? लांबून काढायला पाहिजे. म्हणजे लेन्स लांब पाहिजे." काकू तांदूळ निवडत होत्या. "मी हरीण?" एवढंच त्या म्हणाल्या, पण खूश दिसल्या.

तेव्हापासून लेन्सा लांब होत गेल्या. आता ज्यांनी लांब लेन्स वापरली आहे त्यांना माहीत आहे, तिच्यातून सगळं जवळ दिसतं, म्हणून आपल्याला लांब जावं लागतं. पंचगंगेच्या पायऱ्या म्हणजे कडा तासल्यासारख्या उभ्या. काकू वरच्या पायरीवर, काका खाली. कॅमेऱ्याला डोळा, पाठ गंगेकडे, आणि टाच मागे मागे चाचपत एकेक पायरी उतरणं चाललेलं. "नाही मावत... आणखी एक पायरी मागे... आता नाक मावलं... आणखी एक..." पुढच्या वर्षी त्याहून लांब लेन्स, त्याहून खालची पायरी. न्हाणारी माणसं बाजूला सरायची. एकदा शेवाळलेल्या पायरीवर त्यांनी अशी काही गिरकी घेतली की पोहायला आलेल्या पहिलवानांनी टाळ्या वाजवल्या. काका हात उंच करून उभे, कॅमेरा कोरडा, धोतर ओलं. त्या दिवसाच्या फोटोत काकूंनी नुसते डोळे मिटले नव्हते, घट्ट आवळले होते. काका भिंगातून फोटो तपासून म्हणाले, "ओठ मात्र एकदम फोकसमध्ये आलेत. काहीतरी बोलतेय बघ. काय बोलत होतीस गं?"

काकू म्हणाल्या, "आठवत नाही."

शेवटची लेन्स आली तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती लेन्स म्हणजे एक भलीमोठी नळी. गल्लीतली पोरं तिला तोफ म्हणायची. इतक्या वर्षांत आजी थकत चालल्या होत्या. त्यांच्याकडून आता कार्ड यायचं ते दुसऱ्या कुणाच्या तरी हस्ताक्षरात. त्यातलं शेवटचं काकांनी मला वाचून दाखवलं. "जावईबापू, आता मला लांबचं दिसत नाही, जवळचं थोडं दिसतं. दिसतंय तोवर तिचे डोळे पाठवा." काकांनी कार्ड घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी."

सकाळी काकू बसल्या. सोबत आमची ही बसली. काका एकेक पायरी उतरत गेले, मी नळी धरायला मागोमाग. अर्ध्या घाटावर पोचलो तर काकूंचं फक्त कुंकू दिसत होतं. आणखी खाली, तर कपाळ. अगदी पाण्याशी आलो, काकांचा एक पाय पाण्यात गेला, तरी चेहरा काही पुरता मावेना. काकांनी मान वळवून मागं पाहिलं. मागं फक्त गंगा. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच हताश झालेलं पाहिलं.

"मधू," ते म्हणाले, "पायऱ्या संपल्या रे."

लेन्स वाढत गेली होती. घाट तेवढाच राहिला होता.

शेजारी आपली नाव बांधून लल्लन मल्लाह कडुनिंबाच्या काडीनं दातून करत बसला होता. तो आमच्या घरचाच. पाहुण्यांना त्याच्याच नावेतून फिरवायचो. त्यानं खऱ्या तोफेकडे बघावं तसं नळीकडे पाहिलं. "का चाचा, आज केके उड़ावे के हौ?"

काका म्हणाले, "अपनी घरवाली को."

"तब त दूरे से ठीक हौ," लल्लन म्हणाला. "आवा, बैठा."

आम्ही नावेत चढतोय तोच काकू वरून भराभर पायऱ्या उतरून आल्या. गुडघेदुखी विसरून. काकांशी त्या काही बोलल्या नाहीत. लल्लनला म्हणाल्या, "लल्लन, इनको पटरे पर बिठाके रखना. उठने मत देना. एकदम नहीं." लल्लन म्हणाला, "अरे काकी, हम पकड़के रखब." आणि खरोखरच त्यानं काकांच्या धोतराचा सोगा आपल्या पायाच्या बोटांत धरून ठेवला आणि हातांनी वल्ही मारायला लागला. काकू परत वर जाऊन बसल्या, पदर सारखा केला, आणि हिच्याशी गप्पा मारू लागल्या.

नाव थोडी आत गेली. काका फळीवर बसलेले, कोपरं गुडघ्यांवर, नळी माझ्या खांद्यावर. पाणी संथ होतं. डावा डोळा मिटला, सुरकुत्यांचं जाळं गोळा झालं. आणि मग नळी फिरवणारा हात एकदम थांबला.

"काय झालं काका?"

"उघडे आहेत," ते कुजबुजले. जणू मोठ्यानं बोललं तर पाण्यावरून ऐकू जाईल. "मधू, उघडे आहेत."

आणि या गृहस्थांनी कॅमेरा खाली घेतला! स्वतःच्या डोळ्यांनी बघायला! इतक्या लांबून काय दिसणार? एक जांभळं लुगडं आणि शेजारी एक हिरवी साडी. मी ओरडलो, "काका, आधी दाबा!" लल्लन ओरडला, "चाचा, मारा!" काकांनी पुन्हा डोळा लावला. "थांब," ते म्हणाले, "फोकस होऊ दे." माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब फोकस तो. मग खटका वाजला.

फोटो आला. काकू पायरीवर बसल्या आहेत, मान किंचित वर, आणि डोळे टक्क उघडे, मोठे, पाणीदार. नदीवरच्या नावांमध्ये आपली नाव कोणती ते शोधत असाव्यात. ओठ मिटलेले. काकू इतक्या देखण्या आहेत हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांना होतं, असं ते म्हणाले. तो फोटो घेऊन ते गल्लीत, चौकात, पार्सलच्या कचेरीत सगळीकडे फिरले आणि मग तो वाईला गेला. कार्ड आलं. "डोळे पाहिले. पोर सुखात आहे. आता फोटो पाठवले नाहीत तरी चालेल."

शेवटच्या वाक्यानं काका दोन दिवस घुश्शात होते. पण मग विजयाचा आनंदच मोठा ठरला. पुढं कुठलाही हौशी पोरगा कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे सल्ला मागायला आला, की ते त्या फोटोपुढे त्याला उभं करायचे. "कॅमेऱ्याची बॉडी कोणतीही घे. लेन्स लांब घे. आमचं उदाहरण समोर आहे. सगळा लेन्सचा खेळ." मग आत बघून विचारायचे, "काय गं?" काकू आतून म्हणायच्या, "हो हो. लेन्सचाच."

म्हातारपणी कुणीतरी त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि यानंही फोटो निघतो असं सांगितलं. काकांनी तो उलटा पालटा करून पाहिला. "लेन्स बदलता येत नाही? मग माणूस सुधारणार कसा?" असं म्हणून परत दिला. नळी त्यांनी माझ्या स्वाधीन केली. पहिल्यांदाच असं झालं की जुनी माझ्याकडे आली आणि नवी त्यांच्याकडे आली नाही.

एका थंडीत काका गेले. रात्री नीट जेवले आणि झोपेतच गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू एकच सांगत होत्या. "घरात गेले. अंथरुणात गेले. गंगामाईनं ऐकलं माझं." काशीत लोक गंगेच्या काठावर मरण यावं म्हणून हजार कोसांवरून येतात आणि आमच्या काकू नवरा अंथरुणात गेला म्हणून गंगेचे आभार मानत होत्या. मला वाटलं, दुःखानं बोलणं इकडचं तिकडं झालंय. मी काही विचारलं नाही. आता काकूही नाहीत.

तर त्या दिवशी झाकण गंगेत घालवून घरी आल्यावर हे सगळं आठवत मी तो खालमानेचा फोटो बघत बसलो होतो. हिला म्हटलं, "काकूंचे डोळे मिटलेले यायचे, तुझी मान खाली येते. आमच्या घराण्याचं नशीबच असं. काकांना निदान त्या नळीनं यश आलं. मलाही बहुतेक आणखी लांब लेन्स घ्यावी लागणार."

ही भाजी चिरत होती. हात थांबला. "तुम्हाला अजून वाटतं ते डोळे नळीनं उघडले?"

"मग?"

"नावेत बसलेला माणूस मागे पाय टाकत नाही, म्हणून उघडले." पुन्हा चिरायला लागली. "उभ्या पायऱ्या, शेवाळ, मागे धार, आणि नवरा एक डोळा मिटून, दुसरा कॅमेऱ्यात घालून उलटा उतरतोय. काकूंना बघवायचं नाही. डोळे मिटून 'गंगामाई, सांभाळ' म्हणत बसायच्या. लेन्स लांब आली की काका आणखी खाली."

मी थक्क झालो. "अगं, मग एकदा तरी म्हणायचं, अहो, पडाल!"

"घाटावर? असलं काही बोलायचं? घरात वास्तू ऐकत असते तशी घाटावर गंगा ऐकते, म्हणायच्या काकू. तोंडातून 'पडाल' निघायचं आणि ती तथास्तु म्हणून मोकळी व्हायची! आणि नंतर काका इतके खूश होते, लेन्स लेन्स करत. त्यांना कशाला सांगायचं?"

"हे तुला कधी सांगितलं त्यांनी?"

"लग्न होऊन आले त्याच आठवड्यात. म्हणाल्या, 'सूनबाई, या घरच्या पुरुषांना हा आजार आहे. मी डोळे मिटते. तुला झेपेल ते तू कर.'"

मी पुन्हा फोटोकडे पाहिलं. मान खाली. जोडवी शोधत नव्हती ती. मग मागचे फोटो काढून पाहिले. प्रत्येकात तीच नजर, खाली, चौकटीच्या बाहेर, बरोबर तिथं, जिथं फोटो काढणाऱ्याचे पाय असतात.

"म्हणजे इतकी वर्षं तू..."

"काकूंचा गंगामाईवर भरवसा होता, त्यांना डोळे मिटून चालायचं," ही म्हणाली. "माझा तुमच्या चपलांवर नाही. आणि नवी लेन्स घ्यायचीच असेल, तर आता जरा आखूड बघा. जवळून काढता येईल अशी."